झाकण काढलं की इंजिन थंड राहतं का? बॉनेटचा छोटा इतिहास



आजचा विषय वरवर पाहता गॅरेजमधला आहे, पण त्याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. उन्हाळा आला की एक सल्ला हमखास कानावर पडतो. "इंजिनवरचं ते प्लॅस्टिकचं झाकण काढून टाका, इंजिन थंड राहील, जास्त टिकेल." कोणी पुढे जाऊन सांगतं, "बॉनेटच्या मागच्या बाजूला दोन वॉशर घाला, गरम हवा निघून जाईल." ऐकायला पटतं. पातेल्यावरचं झाकण काढलं की आतलं लवकर निवतं, मग इंजिनाचं का निवू नये?

हा सल्ला आला कुठून, तो कधी खरा होता आणि आज किती खरा आहे, हे आपण पाहणार आहोत. उष्णता आणि झीज हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढं सुरुवातीलाच मनात धरून ठेवा. बहुतेक गोंधळ ते दोन्ही एकच समजल्यामुळे होतो.

ओरत्तनाडूचा रस्ता

आपले प्रेक्षक महाराष्ट्रात आहेत तसे बडोद्यात, इंदूरला, बेळगावात आणि थेट तंजावरातही आहेत. म्हणून आज तंजावर जिल्ह्यातल्या एका रस्त्यावरून सुरुवात करू. तंजावरहून पट्टुकोट्टैकडे निघालं की साधारण पंचवीस किलोमीटरवर ओरत्तनाडु लागतं. मराठी माणसाला या गावाची ओळख असायला हवी. तंजावरचे राजे दुसरे सर्फोजी भोसले (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी इथे मुक्तांबाळ हिच्या नावानं मोठं छत्र बांधलं. छत्र म्हणजे वाटसरूंसाठी धर्मशाळा आणि अन्नछत्र. रामेश्वरच्या यात्रामार्गावर तंजावरच्या मराठ्यांनी अशी अनेक छत्रं उभारली. ओरत्तनाडूच्या छत्रात जेवणाखाण्याबरोबर शाळाही चालायची.

छत्राची गोष्ट इथे का काढली? कारण मोटार येण्याआधी प्रवासाचं गणित विश्रांतीवर चालायचं. माणूस दमला, बैल दमला, घोडा घामाघूम झाला, की थांबायचं, पाणी प्यायचं, सावलीत बसायचं. घोडा चालता चालताही स्वतःला थंड करतो. घाम येतो, तो वाऱ्यानं सुकतो आणि सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. मोटारीला घाम येत नाही. तिची उष्णता बाहेर काढण्याची सोय माणसाला करून द्यावी लागली. ती कशी करायची हे शिकायला पंधरावीस वर्षं गेली, आणि त्या शिकण्यातूनच बॉनेट जन्माला आलं.

ओरत्तनाडूचा रस्ता आणखी एका कारणानं उपयोगी आहे. हा कावेरीच्या खोऱ्यातला सपाट मुलूख. घाट नाही, चढ नाही, पण ऊन मात्र प्रखर. मे महिन्यातल्या ज्या कडक दिवसांना तिथले लोक 'अग्नी नक्षत्रम्' म्हणतात, त्या दिवसांत रस्त्यावरची हवाच भाजून काढते. आपल्याकडच्या बोरघाटात गाडी तापते ती चढामुळे. इथे तापली तर ती उन्हामुळे आणि गावागावांतून रांगत जाण्यामुळे. या दोन रस्त्यांची तुलना पुढे कामाला येईल.

पहिल्या मोटारीला झाकणच नव्हतं

कार्ल बेंझ यांच्या १८८६ सालच्या तीनचाकी मोटारीचं चित्र तुम्ही पाहिलं असेल. इंजिन मागे, आसनाखाली आडवं आणि जवळजवळ पूर्ण उघडं. ना बॉनेट, ना कव्हर. चारी बाजूंनी वारा. ताकद किती? जेमतेम पाऊण अश्वशक्ती.

उघडं ठेवल्यानं इंजिन थंड राहत असतं, तर ही मोटार जगातली सगळ्यात थंड मोटार ठरली असती. प्रत्यक्षात काय झालं? ऑगस्ट १८८८ मध्ये कार्ल यांच्या पत्नी बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास. वाटेत विस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी इंधन घेतलं, हा किस्सा प्रसिद्ध आहे. पण त्याहून जास्त वेळा त्यांना थांबावं लागलं ते पाण्यासाठी. त्या इंजिनाभोवतीचं पाणी उकळून वाफ होऊन जायचं, ती वाफ उष्णता घेऊन जायची आणि पाणी संपलं की पुन्हा भरायचं. म्हणजे यंत्राला घोड्यासारखा घाम आणण्याचीच ही युक्ती होती. घाम संपला की थांबा.

यातून एक गोष्ट कळते. इंजिनाची उष्णता पृष्ठभागावर नसते, आत असते. सिलिंडरमध्ये इंधन जळतं तेव्हा वायूचं तापमान २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जातं. इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळमानानं तिसरा हिस्सा चाकांकडे जातो, तिसरा हिस्सा धुराबरोबर जातो आणि उरलेला हिस्सा लोखंडात मुरतो. हा मुरलेला हिस्सा बाहेर काढायचा तर बाहेरून वारा घालून भागत नाही, आतून काहीतरी वाहावं लागतं.

१८९१ च्या सुमारास फ्रान्समधल्या पानार-लव्हासोर कंपनीनं इंजिन पुढे आणलं आणि त्यावर पेटी बसवली. ही बॉनेटची सुरुवात. तेव्हा हेतू साधा होता, चिखल आणि पाऊस इंजिनावर येऊ नये. खरा बदल झाला तो १९०१ च्या सुमारास, विल्हेल्म मायबाख यांनी घडवलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजमध्ये. तिच्या तोंडाशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर होता. त्यात सहा मिलिमीटरच्या चौकोनी नळ्या ८,०७० होत्या आणि मागे पंखा होता. आधीच्या गाड्यांना जिथे १८ लिटर पाणी लागायचं, तिथे तिचं ९ लिटरांत भागू लागलं.

आता विचार करा. समोरून हवा आत यायची, हजारो नळ्यांमधून जायची, मग इंजिनाच्या बाजूनं खाली आणि मागे निघून जायची. या वाटेला भिंती नकोत? त्या भिंतींचं काम बॉनेट करू लागलं. पावसासाठी आलेलं झाकण दहा वर्षांत हवेची वाट होऊन बसलं. आपण आजही त्याला झाकण म्हणतो आणि तिथेच फसतो.

बोरघाट आणि उघडी बॉनेटं

आता आपल्या मुलखात येऊ. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, अर्थात बैलगाड्या आणि टांग्यांसाठी. विसाव्या शतकात तिथे मोटारी आल्या. १९२८ साली जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. १९४४ साली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे फियाट ११०० आली आणि १९७४ पासून तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं.

फियाट किंवा पद्मिनीतून घाट चढलेल्या कुणालाही विचारा. खोपोली सोडली की काट्याकडे लक्ष. मध्येच गाडी आचके द्यायची, बंद पडायची. ड्रायव्हर उतरायचा, बॉनेट वर करायचा, पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचा. इथे पेट्रोल पंप म्हणजे इंजिनाच्या अंगालाच बसवलेला छोटा पंप. पंधरावीस मिनिटांनी गाडी पुन्हा सुरू व्हायची. सगळे म्हणायचे, "इंजिन तापलं होतं, बॉनेट उघडल्यावर थंड झालं."

गाडी सुरू व्हायची हे खरं. पण थंड काय झालं होतं? अनेकदा इंजिन नव्हे, पेट्रोल.

कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल टाकीतून ओढून आणायचं काम हा पंप करायचा. नळी इंजिनाशेजारून जायची, त्यात दाब नगण्य. चढावर इंजिन तापलं, वेग कमी म्हणून वारा कमी, बॉनेटखालची हवा प्रचंड गरम. अशा वेळी पेट्रोल नळीतच उकळायचं. पंपात द्रवाऐवजी वाफ येऊ लागली की कार्ब्युरेटर उपाशी. याला व्हेपर लॉक म्हणतात. बॉनेट उघडलं, ओलं फडकं ठेवलं, की वाफेचं पुन्हा पेट्रोल झालं आणि गाडी चालली. त्यामुळे ड्रायव्हर मंडळींचा अनुभव शंभर टक्के खरा होता आणि उपायही बरोबर होता. फक्त निदान एका घरानं चुकलं.

माझ्या मते झाकण काढण्याच्या सल्ल्याचं मूळ इथेच आहे. कार्ब्युरेटरच्या काळात बॉनेटखालची हवा थंड ठेवणं खरोखर महत्त्वाचं होतं. २००० सालाच्या आसपास आपल्याकडे इंधन इंजेक्शनच्या गाड्या सर्वत्र आल्या. त्यांच्यात पंप टाकीतच असतो आणि नळीतलं पेट्रोल दाबाखाली असतं, त्यामुळे ते सहजासहजी उकळत नाही. आजार जवळजवळ गेला, पण औषध मात्र पिढीजात चालू राहिलं.

वारा कुठून कुठे जातो

पद्मिनी टॅक्सीचं बॉनेट अर्धवट उघडं ठेवून चाललेली गाडी अनेकांनी पाहिली असेल. त्याचा उपयोग व्हायचा का? गाडी सिग्नलला उभी असताना व्हायचा. गरम हवा हलकी असते, वर जाते, फट मिळाली की बाहेर पडते. सिग्नलला किंवा घाटातल्या कोंडीत उघड्या बॉनेटखालची हवा नक्कीच कमी तापते.

पण गाडी वेगात असताना चित्र उलटं होतं. समोरची काच जिथे बॉनेटला भेटते, तिथे वारा येऊन आदळतो आणि हवेचा दाब वाढतो. म्हणून तर गाडीच्या आत ताजी हवा घेणारी जाळी नेमकी त्या जागी असते. अमेरिकेत शेव्हरोलेनं १९७० च्या सुमारास काही गाड्यांच्या बॉनेटला काचेच्या बाजूनं तोंड ठेवलं होतं, आणि ते गरम हवा बाहेर सोडण्यासाठी नव्हे तर इंजिनाला दाबाची ताजी हवा देण्यासाठी. मग बॉनेटच्या मागे वॉशर घालून फट केली तर काय होईल? उभ्या गाडीत गरम हवा बाहेर येईल, पळत्या गाडीत बाहेरची हवा आत घुसेल. रेडिएटरमधून आलेल्या हवेला बाहेर पडायला तितकी अडचण.

बॉनेट अजिबातच काढलं तर पंख्यानं आणि वेगानं ओढलेल्या हवेची शिस्त मोडते. शिवाय बॉनेट माणसांसाठीही असतं. पादचाऱ्याला धडक बसली तर पत्रा दबतो आणि डोकं थेट इंजिनाच्या लोखंडावर आपटत नाही. म्हणून बॉनेट काढून रस्त्यावर गाडी चालवणं हा उष्णतेवरचा उपाय नाही, तो नवा धोका आहे.

चेतकची दोन झाकणं

हा मुद्दा सगळ्यात छान समजतो तो बजाज चेतकवरून. पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून निघालेली ही स्कूटर, म्हणजे महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाचं पहिलं वाहन. तिरकी करून किक मारायची आठवण घराघरात असेल.

चेतकच्या इंजिनावर दोन आवरणं होती. एक बाहेरचं, उजव्या बाजूचं फुगीर पत्र्याचं. ते दोन मिनिटांत निघायचं. दुसरं त्याच्या आत, पंख्यावर आणि सिलिंडरवर घट्ट बसवलेलं. या इंजिनाला पाणी नाही, रेडिएटर नाही. फिरत्या चाकाला पाती असतात, ती हवा ओढतात, आणि आतलं आवरण ती हवा सिलिंडरच्या पात्यापात्यांवरून जबरदस्तीनं फिरवतं.

बाहेरचं आवरण काढून स्कूटर चालवली तर इंजिनाला फारसा फरक पडत नाही, फक्त पायाला चटका आणि पँटला तेल. आतलं आवरण काढून चालवलं तर मात्र पंखा नुसता हवेत वारा घालतो. सिलिंडर उघडा, चारी बाजूंनी मोकळा, डोळ्यांना थंड दिसणारा. आणि काही किलोमीटरांत पिस्टन अडकतो, इंजिन सीझ होतं.

हा भेद लक्षात ठेवा. एक झाकण झाकायला असतं, दुसरं हवेला वाट दाखवायला. पहिलं काढल्यानं फार बिघडत नाही. दुसरं काढल्यानं इंजिन जातं. त्यामुळे कोणीही झाकण काढायचा सल्ला दिला, तर हे झाकण या दोहोंपैकी कोणतं, हे आधी विचारायचं.

तिसराही प्रकार आहे, आणि तो आपल्या एसटीत आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली. पुढच्या काळात इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी, केबिनच्या आतच असलेल्या गाड्या आल्या आणि बॉनेटवर बसून प्रवास करणं हा मराठी अनुभवाचा भाग झाला. त्या बॉनेटखालच्या अस्तराचं काम इंजिनाला जपण्याचं नव्हतं, माणसाला जपण्याचं होतं. ड्रायव्हरचा डावा पाय भाजू नये, धूर आणि खडखडाट केबिनमध्ये येऊ नये. ते झाकण काढलं तर इंजिन किंचित निवेल, पण त्याची किंमत दिवसभर स्टिअरिंगवर बसणारा माणूस मोजेल.

झीज: थंडाई नेहमी भली नसते

आता दुसरा प्रश्न. इंजिन थंड ठेवलं की कमी झिजतं, हे तरी खरं ना?

१९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये हाच प्रश्न पडला होता. गाड्यांचे सिलिंडर लवकर झिजत होते. इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल इंजिनिअर्सनं त्यावर संशोधन केलं, ते सी. जी. विल्यम्स यांच्या नावानं ओळखलं जातं. निष्कर्ष धक्का देणारा होता. सिलिंडरची भिंत गार असते तेव्हा झीज झपाट्यानं वाढते. कारण इंधन जळताना पाण्याची वाफ होते, गार भिंतीवर तिचे थेंब जमतात, जळण्यातून आलेली आम्लं त्यात मिसळतात आणि लोखंड आतून खाल्लं जातं. भिंत पुरेशी गरम असेल तर वाफ वाफच राहते आणि धुराबरोबर निघून जाते.

म्हणून त्या थंड देशात लोक हिवाळ्यात रेडिएटरवर जाड पडदा बांधायचे. आपण झाकण काढायला बघतो आणि ते इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून वरून आणखी एक झाकण घालत होते. दोघांचाही हेतू एकच, इंजिन टिकावं.

याच कामासाठी थर्मोस्टॅट असतो. इंजिन गार असताना तो पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो आणि साधारण ८० ते ९० अंशांच्या घरात उघडतो. जोवर रेडिएटर, पंखा, पाणी आणि थर्मोस्टॅट धड आहेत तोवर बॉनेटखालची हवा ६० अंश असो की ८०, इंजिनातलं पाणी जवळपास त्याच तापमानावर राहतं. वरचं झाकण काढून ते बदलत नाही. इथे गॅरेजमधली आणखी एक जुनी सवय आठवते. गाडी तापते म्हटलं की काही मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून टाकायचे. काटा खाली यायचा, गिऱ्हाईक खूश. पण मूळ दोष, तुंबलेला रेडिएटर किंवा दमलेला पंप, तसाच राहायचा. आणि रोज सकाळी इंजिन गरम व्हायला दुप्पट वेळ लागून झीज वाढायची. दोन वर्षांनी रिंगा गेल्या, गाडी ऑइल खायला लागली, की दोष कंपनीला.

झिजेचं दुसरं मोठं कारण धूळ. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा देशभर बसगाड्या कोळशाच्या गॅसवर चालवल्या गेल्या. दक्षिणेत टीव्हीएस कंपनीनं त्यासाठी स्वतःचं गॅस प्लांट बनवलं. गाडीला लावलेल्या भट्टीत कोळसा अर्धवट जळायचा आणि त्यातून निघालेला वायू इंजिनात जायचा. हा गॅस गाळून घेण्यात हयगय झाली की राखेचे कण सिलिंडरमध्ये जायचे आणि पॉलिश पेपरसारखे घासायचे. त्या इंजिनांचा मोठा शत्रू उष्णता नव्हती, राख होती.

हाच धडा आजच्या झाकणाला लागू होतो. काही गाड्यांच्या इंजिनावरच्या प्लॅस्टिक कव्हरमध्येच एअर फिल्टरचं घर असतं. तिथे झाकण काढून चालवणं म्हणजे न गाळलेली हवा इंजिनाला पाजणं. उष्णतेनं जे नुकसान कधी झालंच नसतं, ते धूळ काही हजार किलोमीटरांत करून दाखवते.

मग आजच्या प्लॅस्टिक कव्हरचं काय?

साधं प्लॅस्टिक कव्हर, ज्यात फिल्टर नाही, ते मुख्यतः आवाज कमी करायला आणि वायर, नळ्या झाकायला असतं. डिझेल आणि थेट इंजेक्शनची इंजिनं टकटक करतात, म्हणून त्याच्या आत फोमचं अस्तर असतं. ते काढलं तर इंजिनाच्या पाण्याचं तापमान बदलत नाही. गाडी उभी केल्यावर वरचा भाग थोडा लवकर निवतो, एवढाच फरक. त्या बदल्यात आवाज वाढतो, आणि गाडी धुताना इग्निशन कॉइलवर पाणी जायची शक्यता वाढते. थोडक्यात, काढलं म्हणून इंजिन वाचत नाही आणि ठेवलं म्हणून मरत नाही. तेल गळतंय का हे पाहायला ते अधूनमधून जरूर काढा आणि परत बसवा. फोम फाटून लोंबत असेल तर मात्र बदला किंवा काढा, तो गरम भागाला टेकता कामा नये.

गाडीच्या पोटाखालचं आवरण ही वेगळी गोष्ट. ते चिखल आणि पाणी अडवतं, आणि हवेला वाटही दाखवतं. म्हणजे चेतकच्या आतल्या आवरणाचं ते दूरचं भावंडच. ऑइल बदलताना काढलं आणि परत लावलंच नाही, असं सर्रास होतं. तसं होऊ देऊ नका.

आता ओरत्तनाडूच्या रस्त्यावर परत या. भाताचं पीक निघालं की या भागात धान्य आणि पेंढा रस्त्यावर पसरलेला दिसतो. आपल्याकडेही तूर, कुळीथ, सोयाबीन मळायला रस्त्यावर टाकतात. गाडी त्यावरून गेली की पेंढा खाली अडकतो. पोटाखालचं आवरण नसेल तर तो थेट वर, सायलेन्सरच्या गरम नळीपर्यंत पोचतो. धुराच्या नळीचं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं तापमान काहीशे अंश असतं. वाळला पेंढा पेटायला तेवढं पुरे. इथे झाकण काढल्यानं गाडी थंड होत नाही, पेटू शकते. अशा रस्त्यावरून गेल्यावर सुरक्षित जागी थांबून खाली वाकून बघणं आणि अडकलेलं काढणं हा सगळ्यात स्वस्त विमा.

त्या सपाट रस्त्यावर उन्हात, गर्दीतून, एसी लावून रांगताना गाडी तापली तर कारण शोधायचं ते असं. पंखा फिरतो का? रेडिएटरच्या जाळीत किडे, माती, पेंढा अडकलाय का? कूलंट पुरेसा आहे का, की वर्षानुवर्षं नुसतं नळाचं पाणी भरलंय? बेल्ट, नळ्या, रेडिएटरचं टोपण धड आहे का? टोपणाचं महत्त्व लोकांना कळत नाही. ते आत दाब धरून ठेवतं, त्यामुळे पाणी शंभर अंशांना न उकळता १२० अंशांच्या आसपास उकळतं. टोपण ढिलं झालं की ठीकठाक गाडीही उकळू लागते. बोरघाटात हीच यादी, फक्त तिथे चढामुळे कसोटी लवकर लागते.

काटा लाल रेषेकडे गेला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण लावा, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये निघते. सुरक्षित जागा बघून थांबा, इंजिन बंद करा. बॉनेट उघडायला हरकत नाही, उभ्या गाडीत त्याचा उपयोग होतो हे आपण पाहिलं. वाफ येत असेल तर मात्र ती थांबेपर्यंत बॉनेटलाही हात लावू नका. आणि रेडिएटरचं टोपण गरम असताना कधीही उघडू नका. दाब सुटला की उकळतं पाणी तोंडावर येतं, हातचेहरा भाजतो. तसंच चालवत राहिलात तर हेड वाकतं, गॅस्केट जातं, आणि टॅक्सी किंवा टेम्पोवर घर चालवणाऱ्याची कित्येक महिन्यांची कमाई एका दुपारी संपते. बॉनेटच्या फटीवर भरवसा ठेवून काट्याकडे दुर्लक्ष केलेल्या माणसाचं नुकसान असं होतं.

थोडक्यात

झाकण उघडलं की गाडी निवते, ही समजूत खोटी नव्हती. ती कार्ब्युरेटरच्या काळातल्या पेट्रोलच्या नळीबद्दल खरी होती, उभ्या गाडीबद्दल आजही खरी आहे. इंजिनाच्या आतल्या उष्णतेबद्दल ती कधीच खरी नव्हती, १८८८ साली उघड्या इंजिनाला वाटेत पाणी पाजत जावं लागलं तेव्हाही नाही. आणि झिजेबद्दल तर ती उलटी आहे. इंजिन झिजतं ते धुळीनं, जुन्या तेलानं, गार इंजिन रेटण्यानं आणि तापलेलं इंजिन न थांबता चालवण्यानं. त्यातल्या एकाही गोष्टीला वरचं झाकण काढणं हा उपाय नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतून शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. ओल्या फडक्याचा उपाय तिच्याबरोबर निरोप घेऊ शकतो. तो करणारे ड्रायव्हर चतुर होते, त्यांच्या गाडीला तो लागू पडत होता. आपल्या गाडीला काय लागू पडतं हे आपल्या गाडीच्या पुस्तिकेत असतं, आणि ते पुस्तक बहुतेकांनी अजून उघडलेलं नसतं. उघडायचंच असेल तर बॉनेटच्या आधी ते उघडा.

पुढच्या भागात भेटूच. तोवर सावकाश चालवा.